माजी आमदाराला टाळ्या

मंगळवारी सकाळी अकरा वाजता वॉरन स्टोल्ट्झ विधानसभेच्या सभागृहात शिरला आणि आमदारांच्या बाकांमधून चालत पुढे गेला. कंपन्यांसाठी रदबदली करणाऱ्या इतरांना पितळी कठड्याबाहेर उभं राहावं लागतं. स्टोल्ट्झ माजी आमदार. त्याला आत मोकळीक आहे.

तेव्हा डलोरेस प्रॅथर आपलं विधेयक मांडत होत्या: सरकारी पद सोडल्यावर दोन वर्षं त्याच खात्यात कुणासाठीही रदबदली करायची नाही. आधी पद सोडलेल्यांनाही हे लगेच लागू होणार होतं.

त्यांच्या मतदारसंघात, हार्लन क्रीकला, विहिरीच्या पाण्याला थिनरचा वास येतो. जमीन नासवणाऱ्या तिथल्या कारखान्याला ती साफ करायची मुदत गेल्या वर्षी राज्याच्या जलखात्याचा प्रमुख असताना स्टोल्ट्झने वाढवून दिली आणि त्याच उन्हाळ्यात तो कारखान्याच्या पगारावर गेला. दुसऱ्या मुदतवाढीची सुनावणी या शुक्रवारी होती. निर्णय देणार होती ती अधिकारी त्यानेच नेमलेली.

"बाई, एक मिनिट," अध्यक्षांनी प्रॅथर यांना मध्येच थांबवलं. "आपले जुने सहकारी आलेत."

माजी आमदार आला की सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतं. आजही वाजवल्या. विधेयकाच्या बाजूचेही उठले. हात सवयीने चालले. प्रॅथर बोलायला उभ्याच होत्या. त्या खाली बसल्या.

टाळ्या थांबल्यावर त्या उठल्या. "अध्यक्ष महाराज, हे गृहस्थ इथे कशासाठी आलेत, तेवढं विचारा."

"कामासाठी नाही हो," स्टोल्ट्झ स्वतःच म्हणाला. "आपल्या कर्टिसचा वाढदिवस आहे. मिठी मारायला आलोय."

"आम्हालाही मार की, वॉरन!" मागून कुणी तरी ओरडलं.

"तुझा भाव परवडत नाही रे!" स्टोल्ट्झ म्हणाला.

हशा पिकला. अध्यक्षही हसले.

कर्टिस एबर्ली पहिल्यांदाच निवडून आलाय. हिरवं बटण दाबीन, असा शब्द त्याने सोमवारी प्रॅथर यांना दिला होता. स्टोल्ट्झ त्याच्या शेजारी बसला, खांद्यावर हात टाकला, आणि मतदान सुरू झालं तरी काढला नाही. वार्ताहरांच्या बाकापर्यंत त्याचं बोलणं येत होतं. "आमदारकी काही जन्माला पुरत नाही, पोरा. पुढचं काय ठरवलंयस?"

फलकावर एकोणपन्नास हिरवे, एकोणपन्नास लाल. एबर्लीच्या नावापुढे काहीच नाही.

प्रॅथर त्याच्या बाकाशी गेल्या. "लाल दाबायचं तर लाल दाब, कर्टिस. पण माझ्याकडे बघून दाब."

"जरा विचार करू द्या ना."

"काल झाला होता की विचार."

"अगं, वाढदिवशी तरी पोराला सोड," स्टोल्ट्झ म्हणाला. "खाली केक आहे, चल."

"हार्लन क्रीकचं पाणी आणते. त्याच्याबरोबर खा."

त्याने हसून एबर्लीच्या खांद्यावर थोपटलं.

मतदान खुलं ठेवून अध्यक्षांनी जेवणाची सुट्टी दिली. स्टोल्ट्झ आणि एबर्ली एकत्रच बाहेर पडले. दुपारी एबर्ली सभागृहात आला नाही. फोनही उचलत नाही. कामकाज उद्यावर गेलं, मतदान अजून खुलंच आहे.

संध्याकाळी जलखात्याने कळवलं की शुक्रवारची सुनावणी आता उद्याच, बुधवारी सकाळी नऊला होईल. कंपनीतर्फे स्टोल्ट्झ बोलणार आहे.

विधानसभा दहाला भरते.