डाळिंबांचा एक्स-रे

वारंगा फाट्याच्या शीतगृहात डाळिंबांचा एक्स-रे काढतात म्हटलं की म्हातारी माणसं हसायची. हसा बापहो! वरून लालबुंद आणि आत काळी बुरशी, असलं फळ चाकू न लावता ओळखायचं तरी कसं? पट्ट्यावरून डाळिंब यंत्रात शिरलं की सपनाच्या स्क्रीनवर त्याचं पोट दिसायचं. डाग दिसला की ती बटण दाबून फळ बाजूला काढायची.

सपनाला तिसरा महिना लागला होता. गेल्या साली एकदा पोट पडलेलं, म्हणून सासूनं, मालनबाईनं, बजावलं होतं, "तीन महिने भरेस्तोवर कोणाजवळ तोंड उघडायचं न्हाई. नजर लागते." सपना मुकाट राहिली. मग किरणांच्या यंत्रावरून तिला उठवणार तरी कोण?

त्या दुपारी यंत्राच्या तोंडाशी फळं अडकली. यंत्र बंद केलं तर पुन्हा सुरू व्हायला पंधरा मिनिटं खायचं, म्हणून सगळ्या बाया ते चालूच ठेवून किरण अडवणारी शिशाची झालर उचलायच्या आणि हात घालायच्या. सपनानंही नेहमीसारखं तेच केलं. वाकली, पोट कडेला टेकलं, आणि वर किरणांचा लाल दिवा जळताना दिसला. मग सुट्टी होईस्तोवर काळं डाळिंब आलं की तिचा हात पोटावरच जायचा.

संध्याकाळी तिनं सुपरवायझर राजनंदिनी मॅडमला सगळं सांगितलं.

"काहून लपवलं गं? पहिल्याच दिवशी खुर्ची बदलली असती." मॅडमनं किरण मोजायचं मीटर लावलं. खुर्चीपाशी काटा ढिम्म हलला नाही. झालर उचलली तर हलला. "किरण थोडेच आहेत. पण डॉक्टरला दाखव. किती वेळा हात घातलास?"

रोज दोनदा-तीनदा, दोन महिने. सपनाला पुढं मोजवेना.

रात्री तिनं सासूलाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघी कळमनुरीला गेल्या, सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघ इकडं." सपनानं डोळे गच्च मिटले. पोटात काळं शोधायचीच तिच्या नजरेला सवय होती.

"ठोके चांगले आहेत. बाकीचं पाचव्या महिन्यात कळेल."

म्हणजे अजून दोन महिने जीव असाच टांगणीला.

ती बाहेर आली तर मालनबाई बाकावरच्या अनोळखी बायांना एकेकीला धरून सांगत होती, "माय, मशीनीवर कामाला असाल तर पयल्याच दिवशी सांगा. माही सून सांगनार व्हती. म्याच तिचं तोंड बंद केलं."