पट्ट्यांवरचं कुंकू

दसऱ्याच्या आयुधपूजेला मशीनना कुंकू लावतात, मान्य. या कॉलेजच्या मटेरियल्स लॅबमध्ये मदतनीस म्हणून बावीस वर्षं मीच लावते. पण यंदा मी शेवटच्या वर्षाच्या मेघाश्रीच्या पट्ट्यांनाही लावलं, आणि आता तिची मिळायची नोकरी हातची जायची वेळ आली. हात तोडून टाकावेसे वाटतात माझे.

पट्ट्या कार्बन फायबरच्या, देवनहळ्ळीकडच्या, विमानाचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीने दिलेल्या. कंपनीचा आणि कॉलेजचा करार आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी पट्ट्या एकमेकींना अशा चिकटवायच्या की ठरलेल्या ताणाला जोड सुटता कामा नये. जमलं की नोकरी पक्की. घासून पुसलेल्या पट्टीला चिकटवण्याआधी बोटसुद्धा लागू द्यायचं नाही. वर्षभर मीच ओरडत असते, "हात लावू नका रे!"

पूजेला कंपनीचे विनोदकुमार आले. "अक्का, आमच्या पट्ट्यांनाही लावा. फोटो छान येईल."

"सर, नको. मग चिकटणार नाहीत," मेघाश्री म्हणाली. आमचे विभागप्रमुख श्रीहर्षसर यांनी असे डोळे वटारले की पोरगी मागे सरली. आणि मी लावलं. देवाचं काम, त्यात काय होतंय म्हणे! अय्यो, काय ही माझी अक्कल!

तिने नव्या पट्ट्या मागितल्या, कुणी दिल्या नाहीत. बिचारीने त्याच स्पिरिटने पुसपुसून चिकटवल्या. काल ताण दिला, तर निम्म्यावरच जोड सुटला. आत कुंकवाचे लाल डाग.

आज बैठकीत त्या सुटलेल्या पट्ट्या घेऊन मीही होते. विनोदकुमार तोंड वर करून म्हणतात, "मुलीचा निष्काळजीपणा. असलं काम विमानाला चालत नाही." श्रीहर्षसरांनी मान डोलावली. करार वाढवून हवाय ना! 'चूक माझीच' असं लिहून दे, म्हणून सरांनी मेघाश्रीपुढे कागद सरकवला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "कुंकू मी लावलं! तुम्ही सांगितलंत म्हणून लावलं. ती नको म्हणत होती. पोरीवर खापर फोडायला लाज नाही वाटत?"

"अक्का, स्वल्प हळू," श्रीहर्षसर म्हणाले. "तुमची नोकरी कंत्राटावर आहे."

"सरी, बरं, जाऊ दे ती नोकरी!" मी कागद ओढला, या दोघांची आणि माझी नावं घालून सगळं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

विनोदकुमारांनी तो वाचला. हा कागद वर गेला तर आपल्याच अंगाशी येईल, हे त्यांना उमगलं असावं. "ठीक आहे. मुलीला पुन्हा करू द्या. पण या बाई लॅबमध्ये नकोत." श्रीहर्षसर लगेच हो म्हणाले.

मेघाश्री रडायला लागली. मला तिचाही राग आला. "रडतेस काय? उद्या नव्या पट्ट्या घे. आणि यापुढे नको म्हणायचं झालं, तर नुसतं तोंडाने म्हणू नकोस. माझ्यासारखी कुणी पुढे आली, तर हात पिरगळ तिचा."