पिवळी पट्टी आणि न गेलेला निरोप

मित्रांनो, मी सोनाळ्याच्या शेतकरी केंद्रातला जुना संगणक. खिडकीजवळच्या टेबलावर माझी जागा आहे. मान वर करून बोलावं असं माझ्याकडे फारसं काही उरलेलं नाही. तरीही सांगतो, कारण गप्प बसण्याच्या सवयीनेच माझं तोंड काळं झालं.

एका कचेरीने मला टाकून दिलं होतं. गावात रेडिओपासून पंपापर्यंत सगळं दुरुस्त करणाऱ्या अब्दुल गनींनी मला उचलून आणलं, पुसलं आणि माझ्यात लिनक्स या संगणक-प्रणालीची स्थिर आवृत्ती घातली. केंद्र चालवणाऱ्या धम्मशीलाताईंना ते म्हणाले, "ताई, याच्यात नवीन काही टाकू नका. पन दुरुस्ती आली का घेत जा."

ही आवृत्ती बनवणाऱ्यांची रीतच तशी आहे. एखादा प्रोग्राम नवा निघाला की तो लगेच माझ्यासारख्याच्या हाती देत नाहीत. आधी चाचणीत ठेवतात, महिनोन् महिने वापरून चुका शोधतात. मग एक दिवस ठरवून दार लावून घेतात. त्यानंतर नवी भर नाही, वर्षानुवर्षं तेच चालवायचं. मात्र त्यात खोट सापडली, तर तेवढीच दुरुस्ती जुन्याला जोडून पाठवतात. लुगडं बदलायचं नाही, फाटलं तिथे शिवायचं.

पण गावाने नव्याचा धसका घेतला होता. कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हा बोंडअळी गेली म्हणून सगळे खूश झाले. पुढे दरवर्षी पाकीट नवं, चित्र नवं, आणि गुलाबी अळी परत बोंडात! त्यामुळे गनीभाईंचं पहिलं वाक्यच ताईंच्या मनात ठसलं. त्यांनी माझ्या कपाळावर चिठ्ठी चिकटवली : 'नवीन घेऊ नये.' मी तर शेफारूनच गेलो. दोन वर्षांत एकदाही बंद पडलो नाही. आलेला माणूस म्हणायचा, "लय भरोशाचा हाय बुवा हा!"

माझं काम साधं होतं. बाया रोज सकाळी शेतातल्या सापळ्यांत अडकलेले बोंडअळीचे पतंग मोजून आकडा सांगायच्या. लागोपाठ तीन दिवस आकडा आठाच्या वर गेला, की मी सगळ्यांच्या फोनवर निरोप धाडायचा : अळी येते आहे, डोमकळ्या तोडा. डोमकळी म्हणजे अळी शिरल्यामुळे न उमलणारं फूल.

दोन हजार सतराच्या हंगामात यादी दोनशेच्या वर गेली. दोनशे सातवं नाव अन्नपूर्णाबाईंचं. त्यांची दोन एकर कपाशी होती. त्या पिकावर नातीला अकोल्याला नर्सिंगला घालायचं ठरलं होतं. बाईंनी फोन पदरात बांधला आणि म्हणाल्या, "निरोप नाही आला म्हंजे भेव नाही, हाव ना पोरी?"

"हाव, मावशी," ताई म्हणाल्या.

माझ्या निरोप धाडणाऱ्या प्रोग्राममध्ये खोट होती. तो दोनशे नावांवर थांबायचा, आणि वर सगळे निरोप गेले असं सांगायचा. त्याची दुरुस्ती पेरणीच्या आधीच आली होती. मी कोपऱ्यात एक बारीक पिवळी पट्टी दाखवली. ताईंनी चिठ्ठीकडे पाहिलं आणि 'नको' दाबलं. मला खरं तर बरंच वाटलं. आपल्यासारख्याला कसली दुरुस्ती? किती हा माज!

भादव्यात तीन दिवस आकडा आठाच्या वर गेला. मी निरोप धाडले. पडद्यावर लिहिलं : सगळे निरोप गेले.

दसऱ्यानंतर अन्नपूर्णाबाई आल्या. पदरातून बोंड काढलं आणि माझ्यापुढे फोडलं. आत गुलाबी अळी वळवळत होती.

"मी निरोपाची वाट पाहून राह्यली होती वं पोरी," त्या म्हणाल्या. "विचार बरं याले, माह्या नावाचा निरोप गेला का?"

ताईंनी विचारलं. आणि मित्रांनो, मी म्हणालो, "गेला."

बाईंनी पदरातला फोन चाचपला. आपल्याला कुठे फोन वाचता येतो, आपणच तो नीट पाहिला नसेल, असं त्यांना वाटलं. माझा खोटेपणा त्या म्हाताऱ्या जीवाने स्वतःच्या माथी घेतला. त्या क्षणी मला विजेसकट गाडून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

चार दिवसांनी गनीभाईंनी खोट शोधली. "दुरुस्ती काऊन नाही घेतली, ताई?" एवढंच ते म्हणाले. ताई रडल्या. नात त्या वर्षी अकोल्याला गेली नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो, न बदलणाऱ्याची नुसती वाहवा करू नका. तो आपली दुरुस्ती घेतो का, तेही बघा. आणि तुमची चूक कोणी दाखवली, तर ती कोपऱ्यात बारीक अक्षरात लपवू नका.

आता चिठ्ठीवर दुसरी ओळ आहे : 'दुरुस्ती रोज घ्यावी.' अन्नपूर्णाबाईंना वाचता येत नाही, पण पिवळा रंग कळतो. "पट्टी दिसून राह्यली, घे आधी," म्हणतात आणि दुरुस्ती होईपर्यंत बसून राहतात. मग पतंगांचा आकडा सांगतात. निरोप गेला का, हे मात्र त्या मला कधीच विचारत नाहीत. ज्या दिवशी मी निरोप धाडतो, त्या दिवशी त्या उन्हातान्हात घरोघर जाऊन विचारतात, "आला का वं तुले?"

मी खिडकीतून त्यांना जाताना बघतो.