पेणच्या भिंतीवरची बाई

कंपनीच्या गेटाबाहेरच्या टपरीवर पोपटने आपला मोबाईल हर्षदपुढे धरला.

"ही आपली वैनी नाय काय?"

पोपट पेणहून रोज गाडीने रोह्याला कामाला यायचा. पेणला एका शाळेच्या लांबलचक भिंतीवर चित्रं काढायचं काम चालू होतं, त्यातलं एक त्याने येता येता टिपलं होतं. हातात वाल पाखडायचं सूप धरलेली, भिंतीएवढी उंच बाई तोंडभर हसत होती.

"असंल कोणतरी," हर्षद म्हणाला आणि चहा तसाच ठेवून उठला. बाईच्या भुवईतला आडवा वण त्याने ओळखला होता. लहानपणी विळीवर पडून त्याच्या बायकोला, वैशालीला झालेला.

सुट्टीच्या दिवशी, मित्राकडे जातो सांगून तो पेणला गेला. भिंतीवर खाडीतले बगळे होते, भाताची लावणी होती, आणि मग ती. तेच कपाळ, तशीच खोचलेली साडी. बाईच्या पायाशी उसाच्या रसाची गाडी लागली होती. "भारी काढलीय ना?" गाडीवाला म्हणाला. "पोरंपोरी हिच्यासोबत फोटो काढायला येतात."

हर्षद चित्राच्या आणखी जवळ गेला. त्या बाईच्या गालावर खोल खळी होती. वैशालीला खळी पडते? लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्याला ते आठवेना. आपल्या घरात ती अशी कधी हसलीच नव्हती. मग ही इथे कुणाकडे बघून हसतेय?

खालच्या कोपऱ्यात रंगवणाऱ्याने नाव टाकलं होतं: नि., जोहे.

परतीच्या गाडीत ते एकच अक्षर त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. वैशालीच्या माहेरी, जित्याला, शेजारी नितेश नावाचा मुलगा होता. लग्नात पंगतीला वाढायला सगळ्यांच्या पुढे. जोह्याच्या कारखान्यांत तो गणपती रंगवायला जातो असं हर्षदने कधीतरी ऐकलं होतं. ऐकलं होतं की आता वाटत होतं, तेही त्याला सांगता आलं नसतं.

रोह्याजवळ वरशाला, घरी आल्यावर तो नुसता बघत राहिला. वैशाली भाकऱ्या थापत होती. तिने हसावं म्हणून त्याने कंपनीतल्या साहेबाची नक्कल केली. तिने मान वर करून आधी त्याच्याकडे, मग दाराकडे पाहिलं. "बरं नाय काय तुम्हाला?" तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी त्याने मोबाईलवरचा एक विनोदी व्हिडिओ दाखवला. तिने ओठ जरासे ताणले आणि भांडी घासायला उठली. ती आंघोळीला गेली तेव्हा त्याने तिचा मोबाईल चाळला. आईचे फोन, गॅसवाल्याचा नंबर, बचत गटाचे मेसेज. काहीच सापडलं नाही. तिने सगळं पुसून टाकलं असणार, असं त्याच्या मनात आलं.

तोवर बातमी वरशात पोचलीच. त्याची आई विमलबाई दळण घेऊन आल्या त्या तणतणतच. "गिरणीत बाया माझ्या तोंडाकडं बघून हसतात. सून भिंतीवर चढलीय म्हणं! काय गो, कुणापुढं उभी राहिली होतीस?"

वैशालीला काही कळेना. हर्षदने फोटो पुढे केला. ती बराच वेळ बघत राहिली.

"जित्याला वाल झोडत होतो तेव्हा एक बाई आल्या होत्या," ती म्हणाली. "आम्हा सगळ्यांचे फोटो काढले त्यांनी."

"बाई की नितेश?"

"नितेश कुठून आला मधेच?"

"मग घरी सांगितलं का नाय?"

"सांगण्यासारखं काय होतं त्यात? आणि मी अशी हसले नव्हते."

"अख्खं पेण बघतंय आणि तू म्हणतेस हसले नव्हते!"

तिने मोबाईल त्याच्याकडे सरकवला. विमलबाई हर्षदला म्हणाल्या, "आधी ते पुसून घे जा. मग काय ते इचार."

पहिली शिफ्ट संपताच हर्षदने पेण गाठलं आणि हमरापूरमार्गे जोह्याची बस पकडली. वाटेत त्याने मनातल्या मनात नितेशची कॉलर दहादा धरली. जोह्यात पहिल्याच कारखान्यात विचारलं, "शाळेची भिंत रंगवणारा तो नि. कोण?"

"निशिगंधाताई? त्या काय, मागं बसल्यात."

पांढऱ्या, अजून डोळे नसलेल्या मूर्तींच्या रांगेमागे पन्नाशीची एक बाई बारीक ब्रश घेऊन बसली होती. मनात धरलेली कॉलर हर्षदने सोडून दिली.

"ती सुपवाली बाई… माझी मिसेस हाय."

"अरे वा! बसा की." त्या खुश झाल्या. "आवडलं का त्यांना?"

"ती कुणाकडं बघून हसत होती?"

निशिगंधाताईंनी ब्रश खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि मोबाईल काढून फोटो शोधला. जित्याच्या खळ्यावर सूप घेऊन वैशाली उभी होती. ओठ मिटलेले, खांदे आवळलेले. आता कुणीतरी ओरडणार, अशा भीतीने ती कॅमेऱ्याकडे बघत होती.

"हसा, हसा म्हणून किती सांगितलं," त्या म्हणाल्या. "बाकीच्या बाया खिदळत होत्या, पण ह्यांना जमेनाच. चेहरा छान होता, सोडवेना. म्हणून हसू माझ्या थोरल्या बहिणीचं घातलं. खळी तिचीच. का हो, काय झालं?"

"काय नाय," हर्षद म्हणाला. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तो फोटो काही केल्या त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

घरी पोचला तेव्हा चुलीजवळ विमलबाई एकट्याच होत्या. "गेली माहेरी," त्या म्हणाल्या. "मी काय बोलले नाय."

दुसऱ्या दिवशी तो जित्याला गेला. वैशाली अंगणात वाल निवडत होती. तिची आई आत निघून गेली.

"मी जोह्याला गेलो होतो," तो म्हणाला. "त्या बाई भेटल्या. हसू तुझं नाय म्हणाल्या."

"मी तेच सांगत होते."

"व्हय. चुकलं माझं."

"त्या बाईंनी सांगितलं ते एका फटक्यात पटलं तुम्हाला. आणि त्या भेटल्या नसत्या तर?"

नितेशचं घर समोरच होतं. दारात त्याची बायको पोराला भरवत होती. हर्षदने तिकडून नजर वळवली.

"मला ती भिंत बघायचीय," वैशाली अचानक म्हणाली.

दोघं पेणला उतरली. रसवाल्याने एकदा चित्राकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "ताई, ह्या तुम्हीच ना?"

"नाय," वैशाली म्हणाली.

ती जवळ गेली. रंगाला बोट लावून पाहिलं, मग रस्त्यापलीकडे जाऊन लांबून पाहिलं. गाड्या मधून जात होत्या, तरी ती हलली नाही.

"पुसून टाकायला सांगू?" हर्षदने विचारलं. "आई म्हणते…"

"राहू दे. त्या भिंतीवरच्या बाईने काय वाकडं केलंय कुणाचं?"

स्टेशनवर त्याने रोह्याची दोन तिकिटं काढायला पैसे बाहेर काढले. तिने त्याचा हात थांबवला. "रोह्याचं एकच काढा. मला जित्याला जायचंय."

"कधी येशील?"

"मला वाटेल तेव्हा. आणि आल्यावर माझ्या मोबाईलला हात लावायचा नाय."

तो चमकला. तिला ते आधीपासून ठाऊक होतं.

जित्यावरून पनवेलला जाणारी गाडी आधी आली. वैशाली चढली आणि खिडकीशी बसली. हर्षद खिडकीबाहेर उभा राहिला. काहीतरी बोलायला हवं होतं. "पोचलीस की फोन कर," तो म्हणाला, आणि म्हणतानाच आपण तिच्यावर नजर ठेवतोय असं तिला वाटेल, हे त्याच्या ध्यानात आलं.

"बघते," ती म्हणाली. गाडी हलली.