फटफटीचा मागचा टायर

मी फटफटी. जिंतूरच्या विरूपाक्षअप्पांच्या आडतीमागे पडवीत उभी आहे, आणि तीन वर्षं एक गोष्ट पोटात ठेवून उभी आहे.

जन्म माझा विलायतेचा. हैदराबादेत एका साहेबाकडे दहा वर्षं राबले. मग अप्पांनी मला, बाजूला जोडलेल्या माणूस बसायच्या डब्यासकट, विकत घेतलं. घेताना टाकी हुंगली, दिवा ठोठावला आणि साहेबाच्या नोकराला विचारलं, "इकायलेत कशापायी? खोट काय हाय?" मला रागच आला होता.

पण त्यांचा धंदा कापसाचा. वर पांढराशुभ्र माल आणि आत ओला, असं त्यांनी जन्मभर पाहिलेलं. म्हणून गठाणीच्या पोटात चाकू घालून ते नमुना काढायचे, अंगठ्यांत धरून धागा ओढायचे आणि मगच बोलायचे. घरी आलेल्या पाहुण्याकडेही ते तशाच नजरेनं बघायचे.

लढाईच्या दिवसांत माझा मागचा टायर पार गुळगुळीत झाला. रबर सगळं फौजेकडे जायचं, नवा टायर कुठंच मिळेना. इकडे अप्पांची लेक नीलम्मा बाळंतपणाला आलेली. तिचं पहिलं मूल परभणीहून नर्सबाई वेळेत न पोचल्यामुळे गेलं होतं. यंदा नर्स सुमनबाईंना मी आणायचं, असं ठरलं होतं.

परभणीचा दुकानदार किशनराव एक काळाकुळकुळीत टायर घेऊन आला. अप्पांनी ओल्या फडक्यानं पुसला, तर फडकं काळं झालं; जुन्याच टायरला रंग फासला होता. किशनरावानं टायर उचलला आणि वाट धरली. माझा जीव भांड्यात पडला.

मग धुरपताबाई आली. तिचा वारलेला नवरा एका कंत्राटदाराची फटफटी चालवायचा. त्याच्या मागं धान्याच्या कणगीत राहिलेला तो टायर धुळकट होता, पण कुठं भेग नव्हती.

"कणगीत कशाला लपवला हुता?" अप्पांनी विचारलं.

"लपवला न्हाई, अप्पा. मालक सांगून गेलते, उनात रबर मरतंय म्हून."

अप्पांनी तो दाबला, वाकवला, नखानं खरवडला. दोष सापडेना, म्हणून संशय आणखी वाढला. टायरच्या आतून सुताचं जाड कापड असतं. अप्पांनी खिशातला चाकू काढला.

"आतून कापू नका, अप्पा. सगळा भार त्या कापडावरच आसतोय."

"नमुना बघितल्याबिगर मी माल घेत न्हाई."

बोटभर चीर पडली. त्यातून धागा निघाला, अप्पांनी ओढला, तुटला नाही. "सूत चांगलं हाय," म्हणून ते खूश झाले. तोच टायर मला चढवला. पहिल्याच फेरीत ती चीर मला जाणवली. अप्पांना मात्र काही जाणवलं नाही.

आठवड्यानं नीलम्माला कळा सुरू झाल्या. भर दुपारी आम्ही परभणी गाठली, सुमनबाईंना डब्यात बसवलं आणि परत निघालो. बोरीच्या अलीकडे टायर फुटला. तिथून बैलगाडी मिळवून घरी पोचेपर्यंत दिवस मावळला. नीलम्मा वाचली. बाळ वाचलं नाही.

तिसऱ्या दिवशी अप्पांनी टायर उतरवून आत हात फिरवला. ट्यूब जिथं बाहेर आली होती, तिथं त्यांच्याच चाकूची चीर फाटून हातभर झाली होती. त्यांनी ती ओळखली आणि टायर भिंतीआड सारला. मग उठून बाजारात गेले आणि सांगत सुटले, की त्या बाईनं सडका माल गळ्यात मारला.

धुरपताबाईला गावात कुणी उभं करीना. पूर्णेला भावाकडे निघायच्या दिवशी ती पडवीत आली. मला वाटलं, भांडेल. तिनं हळूच विचारलं, "अप्पा, कणगीत ओल शिरली आसंल का हो?"

अप्पा खाली बघत म्हणाले, "आसंल."

त्यांची मला कीव येते, पण ते उत्तर मी माफ करू शकत नाही. तुमचं कधी पूर्णेला जाणं झालं, तर धुरपताबाईचं घर विचारा आणि तिला एवढंच सांगा, की तुझी कणगी कोरडी होती.