ज्याच्या हाती मी

अहो, जरा गप्प बसा! आता मी बोलतोय. मी चेंडू. पिवळा, रबरी, मुठीत मावणारा. खेळण्यांच्या दुकानातून निघालो तेव्हा वाटलं, आता मस्त उड्या मारायच्या. कसलं काय! आणून टाकलं या समुपदेशन केंद्रात.

इथं वाट चुकू लागलेली मुलं आणि त्यांच्या घरची माणसं येतात. त्यांच्याशी बोलणाऱ्या समुपदेशक ताईंचा नियम एकच: ज्याच्या हाती चेंडू, त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पण पाळतंय कोण? आया मला धरून नुसत्या रडतात. काका-मामा मला न घेताच मध्ये तोंड घालतात. डोकं पिकलं माझं!

या सगळ्यांवर कडी केली एका वायरमननं. त्यांची पोरगी मैत्रिणींच्या नादी लागून दुकानातून वस्तू उचलताना सापडली होती. तिला घरी ठेवायचं की सुधारगृहात पाठवायचं, ते ताईंच्या अहवालावर ठरणार होतं. बाबांनी मला एकदा धरलं की सोडायचं नावच नाही. "आमच्या सात पिढ्यांत कुणी..." सुरू झालं की संपली बैठक! पोरीपर्यंत मी कधी पोचलोच नाही.

गेल्या वेळी तर कहर झाला. बोलता बोलता उठले आणि मला कोटाच्या खिशात घालून चालते झाले. स्वतःला पत्ताच नाही! कोट फक्त बैठकीपुरता. तो गेला घरच्या कपाटात, आणि मी बसलो डांबराच्या गोळ्यांचा वास घेत.

आज शेवटची बैठक, म्हणून कोट पुन्हा बाबांच्या अंगावर आणि मी खिशातच. ताईंनी टेबल पाहिलं, कपाट पाहिलं. चेंडू कुठाय? सगळ्यांच्या नजरा पोरीवर.

"तू नेलास का गं?"

"नाही, ताई."

"खोटं बोलतेय!" बाबा कडाडले. "पाठवा हिला. माझ्याच्यानं नाही होत आता."

अहो, खिशात हात घाला! मी जीव तोडून ओरडलो. पण चेंडूचं ऐकतो कोण?

आई रडू लागली. तिला द्यायला बाबांनी कोटाच्या खिशातून रुमाल ओढला, तसा मीही टप्पकन बाहेर पडलो आणि उड्या मारत थेट पोरीच्या पायाशी गेलो.

बाबांनी खिसा चाचपून पाहिला. पोरीनं मला उचलून गच्च धरलं.

"बाबा, मला घरी यायचंय."

बाबा काहीतरी बोलायला गेले. आईनं त्यांचा हात दाबला. "थांबा हो. चेंडू तिच्याकडे आहे."

बाबा खरंच थांबले. पोरीचा तळहात घामानं ओला झालाय, पण ती बोलतेय. हात जोडतो तुम्हाला, इतक्यात मला कुणी मागू नका. तिचं अजून खूप सांगायचं राहिलंय.