माती कवाची?

“सिद्ध्या, पळू नगं रे लेकरा, गाव काय उठून जायलंय व्हय?”

शाळेच्या सुट्टीत कलबुर्गीला गेलं की शिवम्मा मावशी ओसरीवरून अशी हाक घालायची. आज सिद्धलिंगला पळायचंच होतं आणि गाडी पळत नव्हती. औरादहून निघाली तेव्हा बरी होती. मग चढ लागला की उचक्या द्यायला लागली आणि हळ्ळीखेडला निंगप्पाच्या गॅरेजपुढं तिनं मान टाकली.

मागच्या सीटवर त्याची आई, कमलम्मा, मांडीवर शेंगापोळ्यांचा डबा घेऊन बसलेली. कलबुर्गीची बहीण आजारी आहे, एवढंच तिला ठाऊक. शिवम्मा पहाटेच गेली, हे सिद्धलिंगनं पोटात ठेवलं होतं. वाटेवरच्या माणसाला मरण सांगू नये, ही त्यांच्याकडची रीत. चारला माती द्यायची होती, खड्डा खणून झाला होता. त्याआधी पोचलं नाही तर बहिणीला बहिणीचं तोंड दिसणार नव्हतं.

निंगप्पानं इंजिनापाशी प्रेशरचं मीटर जोडलं. काटा निम्म्यावरच लटपटत राहिला. त्यानं टाकीकडं परतणारी नळी पकडीत चिमटली. तरी काटा चढेना.

“रेग्युलेटर बरा हाय. पेट्रोलच म्होरं येईना. पंप काढावा लागतोय. अव्वा, जरा उतरा, टाकी तुमच्या खालीच हाय.”

“म्हंजी कोंबडीवानी अंड्यावर बसले होते की मी!” कमलम्मा हसत उतरली. ते हसू सिद्धलिंगला सोसवेना.

“लवकर व्हईल का?”

“घाईत टाकी फुटली तर ऱ्हावा मग इथंच, जावई होऊन.”

“कामून एवढा तगमगायलास?” आई म्हणाली. “पोळी बघितली की उठून बसती बघ ती.”

तेवढ्यात मावसभाऊ शिवय्याचा फोन आला. “कुठवर आलाव? चारच्या पुढं थोरली माणसं थांबत न्हाईत.” सिद्धलिंग पाठ फिरवून नुसतं “व्हय, व्हय” म्हणत राहिला.

इकडं निंगप्पानं टाकीतून पंप वर ओढला. बुडाची जाळी तांबड्या गाळानं पार बुजलेली. तो तिथूनच ओरडला, “अण्णा, माती कवाची हो?”

“चारची,” फोन खिशात घालता घालता सिद्धलिंग बोलून गेला.

निंगप्पाचा हात थबकला. त्यानं एकदा मायलेकांकडं बघितलं आणि मान खाली घालून नवी जाळी बसवायला लागला.

“कशाची माती?” कमलम्मानं विचारलं.

“टाकीतली, अव्वा,” निंगप्पानंच सांगून टाकलं.

पंप आत गेला, सीट बसली. चावी फिरवताच मागून बारीक गुणगुण उठली. मीटरचा काटा सरसर चढला आणि जागेवर ठरला. आता थांबायला कारण उरलं नव्हतं.

कमलम्मा आत बसली, पण दार ओढेना.

“सिद्धलिंग,” ती म्हणाली. एरवी त्याला ती कधी पुऱ्या नावानं हाक मारत नसे. “टाकीत चार वाजत न्हाईत, बाबा.”

तो मागं वळला.

“अव्वा, मावशी पहाटेच गेली. वाटंत कसं सांगू म्हणून गप ऱ्हायलो. दार लाव. तोंड दावतो तुला.”